वन बीएचकेची नोंदवही: बाथरूमच्या सन्कपासून भाडेकरारापर्यंत

पुणे, १९९१ चं बांधकाम, तिसरा मजला, लिफ्ट नाही. चटई क्षेत्र साधारण ४०० चौरस फूट, बाथरूम ६ बाय ४ फूट, संडास वेगळा. सन्क म्हणजे बाथरूमचा स्लॅब पाइपांसाठी खाली घेऊन केलेला, भरावाने भरलेला खोलगट भाग. हेतू: दुरुस्त करून भाड्याने देणं.

विकायला का नाही, याचा हिशोब आधी मांडतो, कारण जुना फ्लॅट घेऊन, चकाचक करून वर्षभरात विकण्याचा बेत बरेच जण करतात. समजा घर ४५ लाखांचं आहे. पुणे महापालिका हद्दीत पुरुषाच्या नावावर स्टॅम्प ड्यूटी ७ टक्के, म्हणजे ३,१५,०००. नोंदणी फी ३०,०००. दलाली १ टक्का धरली तर ४५,०००. दुरुस्तीला साडेचार लाख. बेरीज झाली ५३ लाख ४० हजार. विकताना पुन्हा १ टक्का दलाली गेली की ५४ लाखांच्या आसपास भाव मिळाला तर नुसते पैसे सुटतात. म्हणजे खरेदीच्या २० टक्के वर, आणि यात कर्जाचं व्याज धरलेलंच नाही. शिवाय २४ महिन्यांच्या आत विकलं की नफा अल्पमुदतीचा धरतात, त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर. खरेदीतच भाव पाडून मिळाला असेल तरच हा बेत जमतो. बाकी सगळ्यांसाठी भाडं बरं, आणि भाड्याच्या घरात पैसे आधी पाण्याच्या कामात घालायचे. टाइल्स आणि मॉड्युलर ओटा नंतर.

आठवडा १: तपासणी

पहिली पाहणी आपल्या घराची नाही, खालच्या घराची. त्यांच्या बाथरूमच्या छताचे दिवसाउजेडी फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पांढरी खारी फुटलेली दिसली तर वरून पाणी बऱ्याच दिवसांपासून मुरतंय. पाइपच्या भोवती गोल डाग असेल तर गळती पाइप स्लॅबमधून जातो तिथे. छतभर पसरलेली ओल असेल तर वरचा सन्क भरलेला आहे.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, बाथरूम, सिंकची आतली गळती सभासदाने स्वतःच्या खर्चाने काढायची; गच्ची, बाहेरचे सामाईक पाइप आणि पावसाची गळती सोसायटीने. त्यामुळे उभ्या ड्रेनेज पाइपचा सांधा फुटलेला सापडला तर फोटोसह लेखी अर्ज द्या आणि तो पाइप बदलेपर्यंत आपलं काम थांबवा. नवीन वॉटरप्रूफिंगच्या मागे जुना बिडाचा सांधा गळत राहिला तर दोष तुमच्याच कामावर येतो.

छताला लाकडी दांडक्याने ठोकून पाहिलं. स्वयंपाकघरात दोन ठिकाणी पोकळ आवाज, म्हणजे सळई गंजून फुगली आणि तिने प्लास्टर ढकललं. यावर पीओपी मारून झाकू नका. सैल काँक्रीट काढून सळईच्या मागे बोट जाईल इतकं मोकळं करायचं, तारेच्या ब्रशने गंज काढायचा, गंजरोधक लेप, मग बाँडिंग कोट (जुन्या काँक्रीटला नवं धरून ठेवणारा), आणि तो ओला-चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर, एका वेळी १० ते १२ मि.मी. जाडीच्या थरात. सात दिवस पाणी मारायचं. सळई गंजून बरीच बारीक झाली असेल किंवा भेग बीममध्ये असेल तर तो मिस्त्रीचा विषय नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं, तर शेवटचा अहवाल सोसायटीकडे मागून वाचा.

आठवडा २: तोडकाम

राडारोड्याचा अंदाज सगळ्यांचाच कमी पडतो, म्हणून गणित देतो. फरशी २.२ चौरस मीटर, सन्कची खोली ९ इंच, म्हणजे भराव अर्धा घनमीटर, वजन साधारण ९०० किलो. भिंतींचं प्लास्टर आणि जुन्या टाइल्स धरून आणखी ६०० किलो. २५ किलोच्या साठ गोण्या फक्त बाथरूमच्या! बिगारी गोणीमागे आणि मजल्यामागे दर लावतात, तो काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. गोण्या २५ किलोपेक्षा जड भरू देऊ नका, जिन्यात फुटतात आणि मग सोसायटीशी वाद.

ब्रेकर मशीन कोब्याच्या (भरावावरच्या काँक्रीटच्या) वरच्या थरापुरतं. शेवटचे दोन इंच छिन्नी-हातोड्यानेच, नाहीतर स्लॅबला बारीक भेगा जातात. आणि तोडायच्या आधी नहाणीच्या (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीच्या) तोंडात कापडाचा घट्ट बोळा. एक विटेचा तुकडा खाली गेला तर दुसऱ्या मजल्याचं पाणी तुंबतं.

आठवडा ३ आणि ४: पाइप, सन्क, पाणी साठवणं

जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप कापले तेव्हा अर्ध्या इंची पाइपच्या आत पेन्सिल जाईल एवढीच वाट राहिली होती, बाकी गंज. म्हणूनच नुसता नळ बदलून धार वाढत नाही. सगळं सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) केलं, मुख्य लाइन पाऊण इंच, नळांचे फाटे अर्धा इंच. नळ बसतो तिथे पितळी आटे असलेलंच फिटिंग; प्लास्टिकच्या आट्यात धातूचा नळ आवळला की ते महिन्या-दोन महिन्यांनी चिरतं. सांधा चिकटवल्यावर २४ तास दाब द्यायचा नाही. मग हातपंपाने ६ किलोपर्यंत (प्रति चौरस सें.मी.) दाब चढवून दोन तास काटा बघायचा. हे भिंतीतल्या घळी (पाइपांसाठी कोरलेल्या खाचा) बुजवण्याआधी. गीझरला थेट सीपीव्हीसी जोडू नका, मध्ये स्टीलच्या जाळीचा लवचिक पाइप घ्या.

डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा, भिंतीत बसणारा भाग) हा दरवेळी चुकतो. त्याच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमाल आणि किमान अशा दोन खुणा असतात आणि तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोहोंच्या मध्ये यावा लागतो. प्लास्टर १५ मि.मी., अॅडहेसिव्ह ५, टाइल ८: विटेपासून २८ मि.मी. पुढे टाइल येणार. ओळंबा लावून, तेवढ्या अंतरावर दोरी ताणून मगच डायव्हर्टर पक्का करायचा. प्लंबर घाईत तो विटेला टेकवून बसवतो, आणि टाइल लागल्यावर मूठ बसतच नाही. मग नवी टाइल फोडावी लागते.

आता सन्क. स्लॅब खरवडून, धुऊन, पाइपच्या भोवतीची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात पॉलिमर मॉर्टरचा ५० मि.मी. वाटा (कोपरा गोलसर करणारा पट्टा). मग दोन घटकांचा अॅक्रिलिक-सिमेंट लेप, दोन कोट, दुसरा पहिल्याच्या आडवा, मध्ये चार ते सहा तास. वाटा आणि पाइपभोवती पहिल्या कोटातच फायबरची जाळी. पृष्ठभाग ओलसर हवा पण पाणी साचलेलं नको. कोरड्या धुळीवर मारलेला लेप पापुद्र्यासारखा सुटतो. दोन्ही कोटांना मिळून चौरस मीटरला दोन किलो धरा. सन्कच्या आत आणि त्यावर एक फूट चढवायला ११ किलो लागले. पावडर आणि द्रव वजनाने मिसळा. मिस्त्री ब्रश हलका चालावा म्हणून पाणी घालतो, तिथे उभं राहून थांबवा.

चाचणी ७२ तास. नहाणी बंद करून तीन इंच पाणी आणि भिंतीवर पेन्सिलची रेघ. उन्हाळ्यात पाणी वाफ होऊनही उतरतं, म्हणून शेजारी पाणी भरलेली बादली ठेवून तिच्यावरही रेघ मारा. दोन्हीकडे सारखं उतरलं तर वाफ, सन्कमध्ये जास्त उतरलं तर गळती. रोज सकाळी खालच्या घरी जाऊन छत बघायचं.

चाचणीचं पाणी काढून टाकल्यावर लेपावर पातळ संरक्षक प्लास्टर, आणि मग स्पाउट. सन्कच्या तळाशी, डक्टकडच्या (इमारतीचे उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेकडच्या) भिंतीतून, बाहेर किंचित उतार दिलेला २५ मि.मी.चा पाइप. वरच्या टाइल्समधून कधी ना कधी पाणी झिरपणारच. त्याला ही वाट असेल तर ते सन्कमध्ये साठून राहत नाही. जुन्या इमारतींत स्पाउट क्वचितच सापडतो आणि नवीन काम करतानाही मिस्त्री तो टाळतो, कारण बाहेरून परांची लागते. टाळू देऊ नका. डक्टमध्ये थेंब दिसायला लागले म्हणजे वरचा थर गेला, पण खालचं घर अजून कोरडं आहे, एवढी आगाऊ सूचना दुसरं काहीच देत नाही. पाइपभोवतीची जागा ग्राउटने भरून, आत लेप त्याच्या तोंडापर्यंत पुन्हा ओढून घ्या.

भरावाला विटांऐवजी सायपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकचे तुकडे. वजन ९०० किलोवरून साधारण ३०० वर येतं आणि तीस वर्षं जुन्या स्लॅबला ते सोसतं. तळाशी दोन इंच खडी, स्पाउटकडे उतरती. वर कोबा, नहाणीकडे मीटरला १० मि.मी. उतार, पाणसळीने तपासून. कोब्यावर पुन्हा लेपाचे दोन कोट. शॉवरच्या दोन भिंतींवर सहा फूट, बाकीकडे एक फूट. आणखी १७ किलो. पुन्हा पाणी साठवणं, या वेळी ४८ तास.

फरशीला एक बाय एक फुटाच्या, पाय न घसरणाऱ्या टाइल्स. दोन बाय दोनची टाइल कोपऱ्यातल्या नहाणीकडे उतार घेऊच शकत नाही, मग पाणी दाराशी साचतं. ही टाइल अॅडहेसिव्हवर लावली, कारण वाळू-सिमेंटचा जाड थर ओल धरून बसतो. टाइल्सच्या फटींत इपॉक्सी ग्राउट. सहा टाइल्स जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवल्या. तो रंग दोन वर्षांनी मिळत नाही.

आणि हे शेवटी हमखास विसरतं: संडासातही हेच काम केलं असेल तर कमोड बसवताना प्लंबर ड्रिल मारून तुमच्या लेपाला भोकं पाडतो. भोकात आधी सिलिकॉन भरायचा, मग गट्टू (स्क्रू धरणारा प्लग) आणि स्क्रू. एवढं सामान आणि पंधरा दिवस घालून चार भोकांतून सगळं वाया जातं.

आठवडा ५: वायरिंग

थोडक्यात: दिव्यांना दीड स्क्वेअर मि.मी.ची तार, सॉकेटला अडीच, गीझर आणि एसीला चार, प्रत्येकी स्वतंत्र एमसीबी (ओव्हरलोड झाला की बंद पडणारा स्विच). मुख्य ठिकाणी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). तिने ओव्हरलोड थांबत नाही, तिचं काम करंट लागून माणूस मरू नये एवढंच, म्हणून एमसीबी हवेतच. जुन्या घरात अर्थिंगची तार मीटरपर्यंत पोचते का हे आधी बघा. आरसीसीबी लावल्यावर लगेच पडत असेल तर बहुतेक वेळा एखादा न्यूट्रल तिच्या बाहेरून आलेला असतो.

आठवडा ६: करार

अकरा महिन्यांच्या (लीव्ह अँड लायसन्स) कराराची सवय सोडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे अकरा महिन्यांचाही करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मग दर अकरा महिन्यांनी तोच खर्च कशाला? २४ महिन्यांचं उदाहरण: पहिल्या वर्षी १८,००० भाडं, दुसऱ्या वर्षी १८,९००, एकूण ४,४२,८००. परत द्यायच्या ६०,००० अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून १२,०००. बेरीज ४,५४,८००, त्यावर पाव टक्का म्हणजे १,१३७ रुपये स्टॅम्प ड्यूटी. नोंदणी फी शहरात १,०००. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदतीनंतरच्या काळासाठी करारातल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते, पण करार नोंदणीकृत असेल तरच हे सरळ होतं.

घर भाड्याने दिलं की सोसायटी ना-वापर शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही; संपूर्ण मेंटेनन्सच्या बिलावर १० टक्के लावलेत का ते तपासा. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, भाड्याने दिल्यावर ती जाते, तेवढी रक्कम भाड्यात धरा. आयकरात भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीची बिलं वेगळी लावता येत नाहीत. तरीही बिलं जपून ठेवा. वॉटरप्रूफिंगसारखा मोठा भांडवली खर्च पुढे विक्रीच्या वेळी किमतीत धरता येऊ शकतो.

किल्ली देताना: वीजमीटरचं रीडिंग, प्रत्येक नळाचा आणि नहाणीचा फोटो, आणि भाडेकरूला दोन कॉक हाताने फिरवून दाखवणं, घराचा मुख्य आणि गीझरचा. पाइप फुटला की घाबरून फोन करेपर्यंत वीस मिनिटं पाणी वाहतं.

राहिलेलं काम: पश्चिमेच्या खिडकीच्या चौकटीबाहेर सिलिकॉन आणि पावसाचं पाणी बाहेर पाडणारी पट्टी, पाऊस सुरू व्हायच्या आत. स्पाउटचं तोंड खालच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. थेंब पडताना दिसला तर कळवा, असं त्यांना सांगून नंबर दिला आहे. आज बाराव्या दिवशी कोरडं.