दोन गाण्यांमधलं मिनिट

मेलोडिक टेक्नो म्हणजे लांब धुनांचं, नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत. त्याचा दोन तासांचा सेट, म्हणजे डीजेने सलग जोडत नेलेली गाणी, लावला की मी गाण्यांपेक्षा त्यांच्या सांध्यांकडे जास्त कान लावून असतो. जुनं गाणं अजून संपलेलं नाही, नवं नीट सुरू झालेलं नाही, आणि तरी दोन्ही वाजतायत. १२२ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२२ ठोक्यांच्या गतीला, चार-चार ठोक्यांचे बत्तीस बार म्हणजे १२८ ठोके, मिनिटभराचा खेळ. डीजेचा कस लागतो तो तेवढ्यातच.

त्यात ठेका जुळवणं हा सोपा भाग. न्यूयॉर्कच्या सँक्च्युअरी क्लबमध्ये १९७०च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो हे काम तबकड्यांवर, नुसत्या कानाच्या भरवशावर करायचा. आता मशीनवर ‘सिंक’ दाबलं की झालं. यावरून जाणकार मंडळी अजून हमरीतुमरीवर येतात. येवोत बापडे! सिंकला ठोका कळतो. पुढचं गाणं कोणतं आणि ते कधी आणायचं, हे त्याला कुठे कळतं?

खरी गोम खालच्या सुरांत आहे. दोन गाण्यांचे बेस एकत्र वाजले की नुसता गदारोळ. म्हणून नवं गाणं आत येतं ते बिनबेसचं: बेसचा नॉब पार डावीकडे फिरवलेला, ऐकू येते ती वरची हायहॅट झांजांची खिसखिस. डीजेचा एक कान हेडफोनमध्ये, दुसरा हॉलकडे. मनात बार मोजणं चालूच. आणि नेमक्या पहिल्या ठोक्यावर एका हाताने जुन्याचा बेस कापायचा, दुसऱ्याने नव्याचा उघडायचा. अर्धा ठोका चुकला तरी नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात.

कोरड्या, ठोकेबाज टेक्नोत एवढ्यावर भागतं. मेलोडिक टेक्नोत मात्र गाण्यावर लांबलचक धून तरंगत असते, आणि दोन धुना वेगवेगळ्या पट्टीत असल्या की कानाला टोचतात. त्यासाठी डीजे लोक कॅमेलॉट चक्र वापरतात: प्रत्येक पट्टीला एक ते बारापैकी आकडा, आणि मायनर स्केल असेल तर पुढे ‘ए’. पांढरी सहाचा मायनर म्हणजे त्यांचा ८ए. त्याचे शेजारी ७ए आणि ९ए, म्हणजे पांढरी दोन आणि पांढरी तीन. पेटीवर बोटं ठेवून बघा: सहाला सा धरलं तर हे म आणि प झाले. आपला षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम भावच तो, बारा आकड्यांत गोल मांडलेला. पण आकडा जुळला म्हणून मिश्रण रंगतंच असंही नाही. दोन्ही धुना एकाच वेळी बोलायला लागल्या तर एकीला गप्प करावंच लागतं, आणि कुणाला, हे चक्र सांगत नाही.

टेल ऑफ अस या इटालियन जोडीने २०१६ साली आफ्टरलाइफ हे आपलं लेबल आणि कार्यक्रमांची मालिका काढली, आणि पुढे या संगीताला अवाढव्य पडदे आले, पडद्यांवर चालणाऱ्या मानवाकृती आल्या. दिसायला भारीच असतं ते. माझी कुरकुर एवढीच, की ती आकृती हलायला लागली की हजारो फोन वर जातात, कॅमेराही तिकडेच वळतो, आणि नेमका बेस बदलतानाचा हात बघायचा राहून जातो.