देवाच्या दारात धरणं

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो काउंटीत, समुद्राला खेटून क्रोक पॅट्रिक नावाचा डोंगर आहे. एवढं लांबलचक नाव तिथं कुणी घेत नाही, नुसतं 'रीक' म्हणतात. जुलैचा शेवटचा रविवार हा रीकचा रविवार. त्या दिवशी हजारो माणसं, काही अनवाणी, हा डोंगर चढतात. उंची 764 मीटर. आकड्यावर जाऊ नये, चढ अगदी समुद्राच्या काठापासून सुरू होतो आणि शेवटचा टप्पा म्हणजे सुट्या दगडांचा उभा ढीग.

गॉलवेत राहायला आल्यापासून 'केल्टिक' हा शब्द ऐकून माझे कान किटले होते. केल्टिक गाठीचं लॉकेट, केल्टिक नक्षीचा मग, केल्टिक राशिभविष्यसुद्धा. यामागं जुनं काही खरंच शिल्लक आहे का, हे दुकानात उभं राहून कळणार नव्हतं. म्हणून मी नुसता डोंगर न चढता जुन्या वाटेनं जायचं ठरवलं. बॅलिनटबरच्या मठापासून रीकपर्यंत पस्तीसेक किलोमीटरची ही वाट आहे. तिला 'तोहर फॉड्रिग' म्हणतात. पाचव्या शतकात आयर्लंडात ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संत पॅट्रिकच्या आधीही ती होती आणि कॉनॉटच्या, म्हणजे पश्चिम आयर्लंडच्या, राजांची गादी असलेल्या क्रूहनपासून इथवर यायची, असं मानतात.

बॅलिनटबरचा मठ 1216 मध्ये कॉनॉटचा राजा काहल क्रोव्हदर्ग यानं बांधला. 1653 मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्यानं तो जाळला. छप्पर गेलं, पण लोक यायचे थांबले नाहीत. उघड्या भिंतींत, डोक्यावर पाऊस घेत प्रार्थना चालू राहिली. पुरतं छप्पर पुन्हा चढलं ते थेट 1966 मध्ये. शनिवारी सकाळी तिथं मेणबत्ती लावून आम्ही निघालो. निघताना एकच नियम सांगितला गेला: वाटेत कुरकुर करायची नाही. चिखलात बूट रुतला, काटा लागला, पाऊस आला, तरी 'देवाची कृपा' म्हणायचं. दुपारपर्यंत आमच्या घोळक्यात देवाची कृपा इतक्या वेळा आणि इतक्या दातओठ खाऊन म्हटली गेली, की ऐकणाऱ्याला ती शिवीच वाटली असती.

वाट सगळी लोकांच्या शेतांतून जाते. दगडी गडग्यावर चढायला लाकडी पायऱ्या, पलीकडे गाई, मग दलदल, मग पुन्हा गडगा. ना दिंडी, ना टाळ, ना पुढं कुणाची पालखी. सवयीनं मला ते फार सुनं वाटलं. ऑगागावर नावाच्या खेड्यात जुना गोल मनोरा आहे, त्याच्या सावलीत डबा खाल्ला. हे गाव पॅट्रिकच्या सगळ्यात जुन्या चरित्रांपैकी एकात येतं. ते सातव्या शतकाच्या उत्तरार्धात तीरेहान नावाच्या बिशपनं लिहिलं, आणि हा गृहस्थ मेयोचाच. त्यात एक छोटी गोष्ट आहे: डोंगरापाशी पोचल्यावर पॅट्रिकचा सारथी मेला, पॅट्रिकनं त्याला तिथंच पुरलं आणि वर दगड रचले. सारथ्याचं नाव तोतमेल, म्हणजे चक्क टकल्या. चमत्कारांच्या गर्दीत हा एक टक्कल पडलेला दमलेला गाडीवान मला सगळ्यात खरा वाटला.

संध्याकाळी बोहेचा दगड आला. एका घराच्या मागं, झुडपांत, दिसायला काहीच नाही असा खडक. जवळ जाऊन तिरप्या उन्हात पाहिलं तर त्यावर वाट्यांसारखे खळगे आणि त्यांच्याभोवती कोरलेली वर्तुळं, एकाला एक लागून, अडीचशेच्या वर. हजारो वर्षांपूर्वीचं काम. मी एका खळग्यात बोट फिरवलं. आत पावसाचं पाणी साचलेलं, कडा अजून हाताला लागते. इथून रीक बरोबर समोर दिसतो. 18 एप्रिल आणि 24 ऑगस्टच्या सुमारास सूर्य त्याच्या माथ्यावर टेकतो आणि मग बुडून न जाता उजव्या उतारावरून घरंगळत खाली जातो. डोंगर पॅट्रिकच्या कितीतरी आधी लोकांच्या नजरेत होता, याला एवढा पुरावा मला पुरे आहे. पण हौशी मंडळी लगेच हा दगड, केल्टिक सण आणि जुलैमधली वारी यांची एकच मोळी बांधतात. एक तर एप्रिल आणि ऑगस्टच्या त्या तारखा जुलैअखेरच्या रविवाराशी जुळत नाहीत, आणि दगड कोरणाऱ्यांना केल्ट म्हणायला काही आधार नाही.

मुळात आयरिश माणसानं स्वतःला केल्ट म्हणवून घेणं ही तशी अलीकडची गोष्ट. ग्रीक आणि रोमन लेखक केल्ट म्हणत ते युरोपच्या मुख्य भूमीवरल्या टोळ्यांना. आयर्लंडच्या लोकांना त्यांनी कधी तसं म्हटलं नाही. आयरिश, वेल्श, ब्रेटन या भाषा गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, जुन्या भाषेशी नात्यातल्या आहेत, हे एडवर्ड लुइड या वेल्श पंडितानं 1707 मध्ये मांडलं, तिथून हे नाव चिकटलं. भाषेचं नातं पक्कं आहे. रक्ताचं प्रकरण वेगळं. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या रॅथलिन बेटावर सापडलेल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या तीन पुरुषांच्या हाडांतला डीएनए 2015 च्या सुमारास तपासला गेला. तो आजच्या आयरिश, स्कॉटिश आणि वेल्श लोकांशी चांगला जुळला. म्हणजे ज्या लोहयुगात केल्ट लोक लाटांनी इथं आले असं शाळेत शिकवत, त्याच्या कितीतरी आधी आजच्या माणसांचा पाया घातला गेला होता.

हे सगळं मी रविवारी सकाळी मरिस्कला, चढाच्या पायथ्याशी, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडहून आलेल्या एका बाईंना सांगितलं आणि त्या जराशा नाराज झाल्या. त्यांच्याकडं डीएनए तपासणीचा निकाल होता, मोबाइलवर, रंगीत नकाशासकट. पन्नाशीच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या, अतिशय लाघवी. त्यांचे खापरपणजोबा 1840 च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळात इथून गेले. "मग मी केल्ट नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही मेयोच्या आहात, हे जास्त पक्कं नाही का? त्यावर त्यांनी काठी विकत घेतली, मीही घेतली, आणि आम्ही बरोबरच चढायला लागलो.

पहिला टप्पा ओढ्याच्या कडेनं. मागं वळलं की क्ल्यूचा उपसागर दिसतो, हिरव्या पालथ्या वाट्यांसारख्या बेटांनी भरलेला. वर्षाच्या दिवसांइतकी बेटं आहेत, असं इथं सगळे सांगतात. मोजली कुणी नसावीत. वाटेवर हेदरच्या झुडपांत एक पोरगं बसून काळीनिळी रानबोरं खात होतं, ओठ जांभळे. आईनं हाताला धरून ओढलं तरी उठेना. खरं तर जुन्या रिवाजाला तेच धरून होतं. जुलैअखेर ते ऑगस्टची सुरुवात हा लूनसाचा काळ, लू या देवाच्या नावाचा, नव्या पिकाचा सण. लोक डोंगरावर जात, ही बोरं वेचत, नाचत, लग्नं जुळवत. मॉयरा मॅकनील यांनी 1962 मध्ये गावोगावच्या आठवणी एकत्र करून दाखवलं, की आयर्लंडभरच्या अशा कित्येक डोंगरजत्रा म्हणजे लूनसाच, वर नाव फक्त संतांचं. या रविवारला आयरिशमध्ये क्रोम दुवचा रविवार असंही म्हणत. क्रोम दुव हा दंतकथेतला काळा, वाकलेला, धान्याचा मालक. आधी त्याच्याकडून लू पीक हिसकावून घेई, पुढं ते काम पॅट्रिककडं आलं.

मग खिंड, आणि तिथं दगडांचा पहिला ढीग. नियम असा: त्याभोवती सात प्रदक्षिणा, सात वेळा 'आमच्या स्वर्गातल्या बापा', सात वेळा 'नमो मारिये', एकदा विश्वासाचा उच्चार. फेरी नेहमी उजवी, सूर्याच्या दिशेनं. मला कुणी काही शिकवावं लागलं नाही. पुढचा शंकू मात्र शिकवून जातो. पांढरट, धारदार क्वार्ट्झाइटचे तुकडे, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली. अलीकडं बऱ्याच भागात दगड बसवून वाट सुधारली आहे, नाहीतर मी निम्म्यातून परतले असते. डोंगर-बचाव पथकाची माणसं जागोजागी उभी होती. माझ्यापुढं एक अनवाणी बाई होती. तिच्या टाचा राखाडी झालेल्या, एका बोटाला चिकटपट्टी, आणि पाऊल टाकायच्या आधी ती प्रत्येक दगड अंगठ्यानं चाचपून बघत होती. एकदाही घाईनं पाय टेकवला नाही तिनं.

माथ्यावर ढग होते आणि 1905 मध्ये बांधलेलं छोटं पांढरं चर्च. त्याच्याभोवती पंधरा प्रदक्षिणा, मग 'पॅट्रिकचा बिछाना' म्हणतात त्या जागेभोवती सात. 1994-95 च्या उत्खननात इथं एका जुन्या दगडी प्रार्थनाघराचा पाया मिळाला. त्याचा काळ इसवी सन 430 ते 890 च्या दरम्यान पडतो. माथ्याभोवती तटबंदीच्या खुणाही मिळाल्या. 1113 च्या पॅट्रिकच्या सणाच्या रात्री इथं वीज पडून उपास करणारे तीस जण मेले, अशी जुन्या बखरीत नोंद आहे. मार्चमध्ये, रात्री, इथं! मी जुलैत दोन जाकिटांत कुडकुडत होते.

आता त्या उपासाबद्दल, कारण मला इथं जे सापडलं ते त्यातच आहे. पॅट्रिक चाळीस दिवस-रात्र इथं उपाशी बसला, ही मूळ कथा. स्वतः पॅट्रिकनं या डोंगराचं नाव कुठं लिहिलेलं नाही. तीरेहानच्या लिखाणात उपास आहे आणि आभाळ झाकणारे पक्षी आहेत. ते पक्षी म्हणजे काळी भुतं, आणि त्यांच्यावर घंटा फेकून मारणारा पॅट्रिक, ही नंतरच्या चरित्रांतली भर. सापांची गोष्ट तर सोडूनच द्या, आयर्लंडात साप नाहीत हे पॅट्रिकच्या आधी रोमन लेखक सोलिनस लिहून गेला होता. पण त्या नंतरच्या चरित्रातला एक प्रसंग झकास आहे. देवदूत येऊन म्हणतो, तुझ्या मागण्या अवाच्या सवा आहेत, खाली उतर. पॅट्रिक म्हणतो, मिळाल्याशिवाय मी हलत नाही. देवदूत ये-जा करतो, घासाघीस होते, एकेक मागणी मान्य होत जाते. शेवटी शेवटच्या निवाड्याच्या दिवशी आयरिश लोकांचा न्याय स्वतः पॅट्रिकनं करायचा, इथवर देवाला यावं लागतं.

ही भक्ती नाही, ही वसुली आहे. आयर्लंडच्या जुन्या कायद्यात बड्या माणसाकडून येणं वसूल करायचं तर त्याच्या दारात उपाशी बसायचं. त्यानं हमी द्यायची. दारात माणूस उपाशी असताना जो खुशाल जेवला त्याला दुप्पट भरावं लागे, आणि ज्यानं हमीच नाकारली त्याची समाजातली पत संपली. आपल्याकडं शिंद्यांच्या छावणीत थकलेल्या पगारासाठी शिपाई धरणं धरून बसत, तीच रीत. हिंदुस्थानात सरकारी कायदेपंडित म्हणून राहून गेलेल्या हेन्री मेननं 1875 मध्येच या दोन्ही प्रथा शेजारी ठेवून दाखवल्या होत्या. पुढं 1920 मध्ये कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅकस्विनी ब्रिटिशांच्या तुरुंगात 74 दिवस उपाशी राहून गेला, 1981 मध्ये उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात दहा आयरिश कैदी तसेच गेले. त्यांनी ब्रेहन कायदा, म्हणजे तो जुना आयरिश कायदा, उगाळून उपास केला असं नव्हे. पण आयरिश माणसाला ती भाषा समजावून सांगावी लागली नाही, असं मला वाटतं. लॉकेटातल्या गाठीपेक्षा हा वारसा फार जुना आणि फार अवघड आहे.

उतरताना गुडघे बोलायला लागले. काठी नसती तर बसून घसरत आले असते. खाली रस्त्यापलीकडं दुष्काळाचं राष्ट्रीय स्मारक आहे: काशाचं गलबत, डोलकाठ्यांच्या दोरांऐवजी माणसांचे सांगाडे. जॉन बेहान यांचं हे शिल्प 1997 मध्ये उभं राहिलं. 1841 च्या जनगणनेत मेयोत सुमारे 3 लाख 89 हजार माणसं होती, दहा वर्षांनी 2 लाख 74 हजार. त्यात पूर्वज शोधायचे तर आणखी पंचाईत. एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेचे बरेच कागद 1922 च्या यादवीत डब्लिनच्या दप्तरखान्याबरोबर जळाले, काही त्याआधी सरकारनंच नष्ट केले. पुरत्या उरलेल्यांत सगळ्यात जुन्या त्या 1901 आणि 1911 च्या. त्यामागं जायचं तर चर्चची नोंदवही, नाहीतर जमीनमहसुलाचे तक्ते.

क्लीव्हलंडच्या बाईंकडं अशा तक्त्याची प्रत होती, पाड्याच्या नावासकट. गलबतापाशी बाकावर लुईसबर्गकडचे एक म्हातारे शेतकरी बूट काढून पाय मोकळे करत बसले होते. बाईंनी त्यांना कागद दाखवला. डीएनएचा नकाशाही पुढं केला, तो त्यांनी बघितलाच नाही. कागद मात्र लांब धरून, डोळे बारीक करून वाचला.

"या पाड्यावर या आडनावाची तीन घरं होती," आजोबा म्हणाले. "तांबडे, शिंपी आणि खाडीकडले. तुझं कुठलं, पोरी?"

बाई गोंधळल्या. घरात लाल केसांचं कुणी होतं का? शिवणकाम कोण करायचं? त्यांना काही आठवेना. मग त्यांनी क्लीव्हलंडला मावशीला फोन लावला, आजोबा हातात मोजा धरून थांबले. तिकडं रविवारची सकाळ होती, मावशी चर्चला गेलेली. बाईंनी निरोप ठेवला: घरी आलीस की आधी सांग, आपण शिंपी का तांबडे.