गळक्या छताखालची देवघेव

साताऱ्यातील ज्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून काम करते, तेथे मुक्तद्वार पद्धत आहे. सभासदाने स्वतः कपाटांपर्यंत जावे, पुस्तके चाळावीत आणि मनाजोगते पुस्तक घेऊन देवघेवीच्या टेबलाशी यावे, अशी ही सोय. प्रत्यक्षात मात्र नियमित येणारा वाचक दारातून शिरतो तो थेट आपल्या ठरलेल्या कपाटाशी जातो आणि तेथूनच परत फिरतो. रहस्यकथांचा वाचक विज्ञानाच्या कपाटावरून जाताना मानही वळवत नाही, आणि विज्ञानाचा वाचक कादंबऱ्यांकडे ज्या नजरेने पाहतो तिचे वर्णन न केलेले बरे.

जुलैतील एका सकाळी कुलूप उघडले, तेव्हा कादंबऱ्यांच्या कपाटांवरचे छत ठिबकत होते. रात्रभर झड लागली होती आणि बाहेर पाऊस अजूनही उतरलेला नव्हता. आमचे शिपाई, ज्यांना लहानथोर सगळेच मामा म्हणतात, त्यांनी आणि मी आधी ओली पुस्तके बाजूला काढली. भिजलेले पुस्तक दोन-तीन दिवसांत वाळले नाही, तर त्याला बुरशी धरते. गुळगुळीत आर्ट पेपरची पाने ओली असतानाच सुटी केली नाहीत, तर वाळल्यावर ती फाटतील पण सुटणार नाहीत. म्हणून प्रत्येक ओले पुस्तक थोडे उघडून पंख्याखाली उभे केले आणि पानांमध्ये कोरे कागद सरकवले, कारण वर्तमानपत्राची शाई पानांवर उमटते. सुदैवाने अशी पुस्तके थोडी होती. उरलेल्या शेकडो कोरड्या कादंबऱ्या ठेवायच्या कोठे, हा खरा प्रश्न होता. वाचनकक्षातील लांब टेबलांवर विज्ञान आणि निसर्गाची पुस्तके आधीच मांडलेली होती, कारण त्यांच्या पाठीवर वर्गांकाच्या, म्हणजे विषय दाखवणाऱ्या आकड्याच्या, नव्या चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम चालू होते. जागा तेवढीच होती. आम्ही हाताला येईल ते पुस्तक मिळेल तेथे ठेवत गेलो.

देवघेव बंद ठेवावी, असे माझ्या मनात होते. मामा म्हणाले, “मॅडम, एवढ्या पावसात आलेल्या माणसाला रिकाम्या हाती कसं लावून द्यायचं?” मग सभासदांना वाचनकक्षातच सोडले.

पहिले आले ते एसटीतील एक वाहक. त्यांची ड्युटी बहुतेक वेळा मुक्कामी गाडीवर असते. रात्री खेडेगावात गाडी थांबली की ते वाचतात, आणि वाचतात ते फक्त रहस्यकथा. त्या दिवशी संध्याकाळच्या फेरीपर्यंत त्यांना मोकळा वेळ होता. ढिगातून त्यांनी जयंत नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’ उचलले. नावावरून ते भुताखेतांचे असावे, असा त्यांचा समज झाला होता. खिडकीपाशी बसून त्यांनी त्यातील काही कथा वाचल्या आणि दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. “मॅडम, वेळ सगळीकडं सारखी चालत नाही असं हे शास्त्रज्ञ म्हणतात. ही गोष्टीपुरती थाप आहे, का खरंच तसं असतं?”

मी विज्ञान शाखेची नाही. पण हे उत्तर मला ठाऊक होते, कारण तेच पुढे चिठ्ठी चिकटवून घेण्यासाठी पडलेल्या एका पुस्तकात होते. आइनस्टाइन यांनी १९१५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार जेथे गुरुत्वाकर्षण जास्त, तेथे घड्याळ हळू चालते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, तेथे गुरुत्वाकर्षण कमी असते आणि त्यामुळे त्यांची घड्याळे पुढे पळतात. उपग्रहांच्या वेगामुळे ती किंचित मागेही पडतात. दोन्हींचा मेळ घातला तर जमिनीवरच्या घड्याळापेक्षा ती दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. एवढासा फरक दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात दाखवलेल्या ठिकाणात सुमारे १० किलोमीटरची चूक साचू शकते. त्यांनी तो परिच्छेद उभ्यानेच दोनदा वाचला. “म्हणजे कंट्रोलर आम्हाला उशिरासाठी धरतो, ते आइनस्टाइनच्या हिशेबानं!” एवढे बोलून त्यांनी दोन्ही पुस्तके आपल्या नावावर लिहायला सांगितली.

त्यांना मी नारळीकरांची एक हकीकतही सांगितली, कारण ती रहस्यकथेच्या वाचकाला आवडणारच होती. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती, आणि परीक्षकांना लेखक कोण हे माहीत नसताना तिला पहिले बक्षीस मिळाले.

प्रेमकथांखेरीज दुसरे काहीही न वाचणारी महाविद्यालयातील एक मुलगी मुखपृष्ठावरचे चित्र पाहून पक्ष्यांच्या पुस्तकाशी थांबली. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठेचा आणि मातीचा लेप देऊन तोंड बुजवते आणि एक फट तेवढी ठेवते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लाला कित्येक आठवडे फळे आणून भरवतो. आपल्या सह्याद्रीत हे पक्षी आहेत. तिने विचारले, “पण मॅडम, नर परत आलाच नाही तर?” लेप आतून फोडण्याची ताकद मादीत असते, पण ढोलीत असताना तिची उडण्याची पिसे झडलेली असतात आणि ती पुन्हा उगवेपर्यंत उडणे कठीण, हे त्याच पुस्तकात पुढे होते. पानापानाला जीव टांगणीला लागण्यासाठी कादंबरीच लागते, असे मीही तोवर धरून चालले होते.

सेवानिवृत्त रसायनशास्त्र शिक्षक असलेल्या आमच्या एका सरांच्या नेहमीच्या खुर्चीसमोर खुनाची एक कादंबरी आली होती. सायंकाळपर्यंत त्यांनी ती संपवली आणि मग भर वाचनकक्षात तिची उलटतपासणी सुरू केली. त्या कथेत आर्सेनिक पोटात जाताच माणूस खुर्चीतच कोसळतो. सरांचे म्हणणे असे की, हे विष सहसा असे क्षणात काम करीत नाही. उलट्या आणि जुलाब होऊन माणूस खंगतो, आणि लक्षणे पटकीसारखी, म्हणजे कॉलऱ्यासारखी, दिसत असल्यामुळेच जुन्या काळी मारेकरी निसटत असत. १८३६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ जेम्स मार्श यांनी आर्सेनिक असल्यास काचेवर काळसर आरसा उमटवणारी चाचणी शोधली, तेव्हा कोठे न्यायालयापुढे खात्रीचा पुरावा ठेवता येऊ लागला. शेजारच्यांना पटेना, म्हणून त्यांनी वाईत संपादित झालेल्या मराठी विश्वकोशाचा खंड काढून आर्सेनिकवरची नोंद उघडली. जाताना त्यांनी आणखी एक रहस्यकथा नेली, कारण विचारले तर म्हणाले, “चुका काढायला.”

छताची डागडुजी झाल्यावर कार्यकारिणीतील एका सदस्यांनी सुचवले की, पुस्तके आता अशीच मिसळलेली राहू द्यावीत. मी त्याला ठाम विरोध केला. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश वर्गीकरणात मराठी कादंबरी ८९१.४६३ मध्ये, विषशास्त्र ६१५.९ मध्ये आणि पक्षी ५९८ मध्ये जातात; विषाची कादंबरी आणि विषाचे शास्त्र अशी एकमेकांशी नाते असलेली पुस्तके यामुळे लांब पडतात हे खरे, पण नाव घेऊन पुस्तक मागणाऱ्याला ते दोन मिनिटांत मिळते तेही याचमुळे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी एक सांगते की प्रत्येक ग्रंथाला वाचक मिळावा आणि लगेच पुढचे सांगते की वाचकाचा वेळ वाचावा. मिसळलेल्या ढिगाने पहिल्याची सोय होते आणि दुसऱ्याचा बळी जातो. आपल्याच जिल्ह्यातील भिलार या ‘पुस्तकांच्या गावा’मध्ये २०१७ पासून साहित्यप्रकारानुसार पुस्तके वेगवेगळ्या घरांत ठेवलेली आहेत. एका घरातून दुसऱ्यात जाताना वाटेत वाचकाचा मोहरा बदलतो. आमच्याकडे तेवढी वाट नाही.

म्हणून कपाटे पूर्ववत लावली आणि देवघेवीच्या टेबलालगत एक लहान मेज ठेवले. त्यावर पुस्तके प्रकाराने लावत नाही, एका प्रश्नाभोवती ठेवतो: विषाची कादंबरी आणि विषाचे शास्त्र शेजारी, प्रेमकथेला लागून धनेश. मेजावर आणलेल्या पुस्तकाच्या जागी कपाटात पुठ्ठ्याची खूणपट्टी असते, म्हणजे शोधणाऱ्याची फसगत होत नाही. कामाचा हा भाग मामांनी स्वतःकडे घेतला आहे. वाहकांनी मागणी नोंदवहीत लिहिले आहे: “कृष्णविवरावर मराठीत अजून काही असल्यास मागवावे. टाइप मोठा असावा, मुक्कामाला उजेड कमी असतो.” त्याखाली सरांनी आपल्या बारीक अक्षरात पुरवणी जोडली आहे: “आणि आकडे तपासलेले असावेत.”