रविवारी स्टॉर्नोवेला उतरताना

ब्रिटनभोवतीच्या क्रूझचं तिकीट काढताना मी बंदरं पाहिली, तारखा पाहिल्या, वार पाहायचे राहून गेले. ते आईने पाहिले. कॅलेंडर पुढ्यात घेऊन ती प्रत्येक तारखेला गोल करत होती. एका गोलावर थांबून म्हणाली, "अगं, हे स्टॉर्नोवे रविवारी येतंय. चालेल ना?"

मला तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थच कळला नाही. रविवार म्हणजे फार तर दुकानं उशिरा उघडतील, एवढंच डोक्यात आलं. रात्री वाचायला बसले तेव्हा कळलं, की आठ दिवसांतली सगळ्यात जास्त तयारी याच एका दिवसासाठी लागणार आहे.

स्टॉर्नोवे हे स्कॉटलंडच्या वायव्येला, आउटर हेब्रिडीजमधल्या लुईस बेटावरचं मुख्य गाव. इथे रविवार हा सब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, म्हणून पाळतात, आणि मनापासून पाळतात. बहुतेक दुकानं बंद, संग्रहालय बंद, सार्वजनिक बस नाही. धुतलेले कपडे दोरीवर वाळत घालायचे नाहीत. एके काळी बागेतले झोपाळेसुद्धा रविवारी साखळीने बांधून ठेवत. रविवारचं विमान इथे २००२ मध्ये सुरू झालं. मुख्य भूमीवरच्या उलापूलला जाणारी रविवारची नियमित फेरी बोट तर थेट १९ जुलै २००९ ला सुटली, आणि दोन्ही वेळेला गावात मोठा विरोध झाला. आम्ही गेलो ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये. त्यानंतर नोव्हेंबरात तिथलं एक मोठं सुपरमार्केट रविवारीही उघडायला लागलं, तेव्हा पुन्हा बेटावर दोन तट पडले. म्हणजे ही जुनी आठवण नाही, आजही चालू असलेली गोष्ट आहे.

हे सगळं वाचून आमच्या बोटीवरच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी त्या दिवशी उतरायचंच नाही असं ठरवलं. क्रूझ कंपनीच्या सहलींच्या यादीतही रविवारसाठी एकच बससहल होती आणि ती आम्ही पाहीपर्यंत भरून गेली होती. मला मात्र दिवस बोटीत बसून घालवायचा नव्हता. मग मी कागदावर दोन रकाने केले. एकात दार असलेल्या जागा, दुसऱ्यात दार नसलेल्या. दार असलेलं सगळं रविवारी बंद असणार असं धरून चालायचं. लुईस बुद्धिबळाच्या मध्ययुगीन सोंगट्यांपैकी सहा तिथल्या किल्ल्याजवळच्या संग्रहालयात आहेत, त्या सोडून दिल्या. मनाला लागलं, कारण १८३१ मध्ये याच बेटावर सापडलेल्या त्या सोंगट्यांसाठीच मी मुळात हा मार्ग निवडला होता. हॅरिस ट्वीडचे हातमाग पाहायचे होते, तेही गेले. हे कापड विणकरांनी आपापल्या घरी, हाताने-पायाने चालवलेल्या मागावरच विणायचं असा १९९३ चा कायदा आहे, आणि रविवारी तर ते माग हलतही नाहीत.

दुसऱ्या रकान्यात उरलं ते पाहून मात्र धीर आला. कॅलनिशचे उभे पाषाण. किल्ल्याभोवतीचं रान. होम इथलं जहाजबुडीचं स्मारक. यातल्या एकालाही कुलूप नाही.

आता वाहन. बस नसेल तर टॅक्सी, आणि रविवारी टॅक्सी चालवणारे मोजकेच. मी दोन महिने आधी एका टॅक्सीवाल्याला ईमेल केली. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. रविवारी मी काम करत नाही, पण तुमच्या आई पाषाण न पाहता परत जाऊ नयेत, म्हणून हा माझ्या ओळखीतल्या माणसाचा नंबर. आईच्या वयाचा उल्लेख मी ओघात केला होता, तो त्याने लक्षात ठेवला होता. ज्याला त्या दिवशी एक पाउंडही मिळणार नव्हता, त्याने आमचा दिवस लावून दिला. त्याच्या ओळखीच्या माणसाचीच टॅक्सी आम्ही ठरवली.

बाकीची तयारी सांगते, कारण ही कुठल्याही शांत बेटावर उपयोगी पडेल. बोट धक्क्याला लागणार की बाहेर नांगर टाकून लाँचने किनाऱ्यावर नेणार, हे आधी विचारा. लाँच असेल तर जायचा-यायचा मिळून तास सहज जातो. स्टॉर्नोवेला २०२४ पासून खोल पाण्याचा नवा धक्का झाला आहे, त्यामुळे आम्ही थेट चालत उतरलो. धक्का गावाच्या समोर, खाडीच्या दुसऱ्या अंगाला आहे. गावात जायला जहाजाची शटल बस होती. वारा फार असेल तर कॅप्टन बंदर गाळून पुढे निघून जातो, म्हणून टॅक्सीवाल्याला "बोट आली तरच" असं स्पष्ट लिहिलं होतं. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवायचं, फोनवर विसंबायचं नाही. आणि प्रसाधनगृह! कॅलनिशचं पर्यटक केंद्र त्या रविवारी बंद होतं, म्हणजे तिथली सोयही बंद. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घेऊन जाताना हे आधी माहीत असलंच पाहिजे. आम्ही बोटीवरूनच आवरून निघालो आणि त्याच हिशेबाने कॅलनिश सकाळी सगळ्यात आधी ठेवलं. बोटीवरचं उघडं अन्न खाली न्यायला परवानगी नव्हती, म्हणून पिशवीत बंद पाकिटातली बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या. दुपारच्या जेवणासाठी गावातल्या एका हॉटेलात आधीच टेबल सांगून ठेवलं होतं. रविवारी अशी एखाद-दुसरीच जागा मिळते आणि चर्च सुटलं की ती भरते.

साडेआठला आम्ही निघालो. कॅलनिश साधारण पंचवीस किलोमीटरवर. गाव संपलं की झाड म्हणून दिसत नाही. दोन्ही बाजूंना पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, काळपट माळरानं, मध्ये मध्ये पाण्याची तळी, आणि ऑगस्ट असल्यामुळे सगळीकडे हेदरचं झुडूप फुललेलं, जांभळं. रस्त्याकडेला पीट कापलेले चर दिसत होते. हे लोक ते विटांसारखे तुकडे वाळवून जाळतात. त्या दिवशी एकही माणूस तिथे काम करताना दिसला नाही. कुदळी घरी होत्या.

पाषाणांपाशी आमच्याशिवाय एक जोडपं होतं, बस्स. मधल्या वर्तुळात तेरा दगड, आणि त्यांच्यामध्ये सगळ्यात उंच एक, पावणेपाच मीटरच्या आसपास. त्यांना उभं करून पाच हजार वर्षं होत आली. पुढे हवा थंड आणि ओली झाली, पीट चढत गेलं आणि हे दगड दीड मीटरपर्यंत त्यात बुडाले. १८५७ मध्ये ते पीट खणून काढलं तेव्हा त्यांची खरी उंची पुन्हा दिसली, आणि मधल्या दगडाच्या पायाशी एक लहानसं थडगंही.

आई एका दगडाजवळ गेली. हात लावायच्या आधी तिने चप्पल काढावी तसा बुटाकडे हात नेला, मग गवत ओलं पाहून राहू दिलं. मी जवळून पाहिलं तेव्हा कळलं की हा दगड करडा नाहीच. पांढऱ्या, गुलाबी, काळ्या रेघा त्यात वळत वळत गेल्या आहेत, पुरणात गूळ नीट न मिसळल्यावर दिसतात तशा. मध्येच काळ्या स्फटिकाचा डोळा. वर पिवळसर दगडफूल. याला लुईशियन नाईस म्हणतात, आणि यातले काही खडक तीन अब्ज वर्षांइतके जुने आहेत. पृथ्वीचं वय साडेचार अब्ज. आई बराच वेळ तळहात टेकवून उभी होती. "गार नाहीये गं," एवढंच म्हणाली.

टॅक्सीवाल्याने सांगितलं, की चंद्र साडेअठरा वर्षांनी एकदा दक्षिणेच्या डोंगरांवरून अगदी खालून, जमिनीला लागून जातो, आणि ते २०२४-२५ मध्येच चाललं होतं. दिवसा आम्हाला त्यातलं काही दिसणार नव्हतं. तरी ज्या दिशेला त्याने बोट दाखवलं तिकडे पाहत राहिलो.

अकराच्या आत गावात परत आलो, कारण मला चर्च गाठायचं होतं. हा दिवसाचा असा भाग होता की जो फक्त रविवारीच मिळतो. मी आधीच लिहून विचारलं होतं, परक्या माणसाने, त्यातून दुसऱ्या धर्माच्या, बसलेलं चालेल का. उत्तर आलं, या, कुठेही बसा. आम्ही साधे, अंगभर कपडे घातले होते, कॅमेरा बॅगेत होता. एका आजींनी सरकून आईला जागा दिली आणि उघडून दिलेलं स्तोत्रांचं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. ते गेलिक या तिथल्या जुन्या भाषेत होतं, आम्हाला एक अक्षर कळणार नव्हतं. तरी त्यांनी पान शोधून दिलं.

मग गाणं. वाद्य नाही, पेटी नाही. प्रार्थनेला सगळे उभे राहतात आणि गायला बसतात, आपल्या सवयीच्या उलट. पुढचा एक माणूस एकटाच एक ओळ म्हणतो. ती संपायच्या आत मागून सगळे ती उचलतात, पण एका सुरात नाही. प्रत्येक जण आपापल्या गतीने, आपापल्या हरकती घेत त्याच ओळीतून जातो, आणि सगळं मिळून ते लाटेसारखं वर येतं, खाली जातं. फार कमी लोकांना वाचता येत असे त्या काळापासूनची ही रीत आहे, म्हणून एकाने ओळ द्यायची. विणेकऱ्याने चरण सोडावं आणि टाळकऱ्यांनी ते उचलावं, अगदी तसं. आईने माझ्या हातावर हात ठेवला. ती रोज हरिपाठ म्हणते, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिसऱ्या स्तोत्राला तिचे ओठ हलत होते, शब्द नसताना.

प्रवचन लांब होतं. आम्ही शेवटपर्यंत बसलो. बाहेर पडताना त्या आजींनी आईला विचारलं, कुठून आलात, मुलं किती, आणि "बोटीवर जेवण बरं आहे का?" मी मधे भाषांतर करत होते. कोणीही आम्हाला काहीही पटवायचा प्रयत्न केला नाही.

जेवणानंतर ल्यूज किल्ल्याच्या रानात गेलो. सबंध बेटावर एवढी मोठी झाडी इथेच. ही झाडं आणि किल्ला, दोन्ही जेम्स मॅथिसनची. १८४४ मध्ये त्याने अख्खं बेट विकत घेतलं होतं, आणि तो पैसा आला होता चीनला अफू विकून. त्यातली बरीच अफू माळव्यातली, मुंबई बंदरातून गेलेली, आणि मुंबईतले त्याच्या कंपनीचे मोठे भागीदार व्यापारी म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय, ज्यांच्या नावाचं जे. जे. रुग्णालय आहे. माझ्या मोठ्या भावाचा जन्म तिथलाच. बटाट्याच्या दुष्काळात मॅथिसनने बेटावर धान्य आणवलं हे खरं, आणि १८५० च्या दशकात दोन हजारांवर माणसं कॅनडाच्या बोटींत बसवून पाठवली हेही खरं. त्या दाट सावलीत मला जरा अस्वस्थ वाटलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्याकडचं काहीतरी इथे आहेच." मग बराच वेळ आम्ही न बोलता चाललो.

चारच्या सुमारास होमला पोचलो. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे, पहिलं महायुद्ध संपवून घरी येणाऱ्या खलाशांना आणणारी 'इओलेर' ही नौका इथल्या खडकांवर आदळली. बंदराचे दिवे दिसत होते. २०१ जण गेले. जॉन एफ. मॅक्लाउड नावाचा एक जण दोर घेऊन पोहत किनाऱ्याला लागला आणि त्या दोराच्या आधाराने चाळीसेक जण वाचले. घरोघरी चुलीजवळ त्यांचे कपडे गरम करत ठेवले होते असं सांगतात. पायवाटेवरून स्मारकापर्यंत आईला चालवेना, म्हणून ती अलीकडेच एका दगडावर बसली. मी एकटी पुढे गेले. खडक किनाऱ्यापासून इतके जवळ आहेत, की हाक मारली तर ऐकू जावी.

साडेपाचला आम्ही गँगवेवर होतो. शेवटची वेळ सहाची होती, पण अशा दिवशी अर्धा तास हाताशी असावा, कारण टॅक्सी चुकली तर दुसरी मिळणारच नाही. बोट सुटली तेव्हा आम्ही डेकवर गेलो. उजव्या हाताला आर्निशचं दीपगृह, डाव्या हाताला होम. गाव मागे लहान होत होतं आणि रस्त्यावर संध्याकाळच्या प्रार्थनेला निघालेल्या मोटारी दिसत होत्या. खडक जवळ आले तशी आईने डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले, आणि ते मागे पडेपर्यंत तशीच उभी राहिली.