भंगारात काढायचे पत्ते

पत्ते म्हणलं की आमच्या सेलूत दोनच गोष्टी डोक्यात येतात, मेंढीकोट नाहीतर जुगार. त्यात २०२५ च्या ऑगस्टमधे पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदीचा कायदा आला, तेव्हापासून मोबाईलवर पत्ते दिसले की माणसं मान वळवून बघायलेत. नानांनी पण तेच विचारलं, "काय रे, रमी खेळायलास का?" म्हणलं नाही नाना, स्टार रिअल्म्स आहे, अंतराळातली लढाई. "मग लढाईला पत्ते काहून लागतेत?"

आता ह्याला काय सांगावं. खरं बोलायचं तर अंतराळ फक्त चित्रापुरतंच आहे, ना नकाशा ना ग्रहांमधलं अंतर, सगळी मारामारी आपल्याच कॅटमधे चालते. सुरुवातीला दोघांकडं सारखेच १० पत्ते, ८ स्काऊट आणि २ व्हायपर. स्काऊट म्हणजे एक रुपया समजा, व्हायपर म्हणजे एक फटका, आणि समोरच्याची ५० अथॉरिटी, म्हणजे त्याचा जीव, शून्यावर आणायची. मधे ८० पत्त्यांच्या गड्डीतले ५ उघडे मांडलेले असतात, ज्याला परवडंल त्यानं घ्यायचे. पण घेतलेलं जहाज लगेच हातात येत नाही, ते आपल्या टाकलेल्या पत्त्यांत जाऊन पडतं आणि कॅट संपून परत पिसला की मग कधीतरी उगवतं. म्हणजे आज घेतलेली तोफ उद्या-परवा उडणार, आणि हीच सगळी स्ट्रॅटेजी, आधी पैसा देणारी जहाजं घ्या नंतर मारणारी, उलटं केलं की बसा बोंबलत.

हा गेम २०१४ चा. काढणारे दोघं, डार्विन कॅसल आणि रॉबर्ट डोहर्टी, मॅजिक द गॅदरिंग ह्या पत्त्यांच्याच गेममधले मोठे खेळाडू, त्या गेमच्या हॉल ऑफ फेममधे दोघांची नावं आहेत. मॅजिक १९९३ चं, रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितवाल्यानं काढलेलं, आणि पत्त्यांचं पाकीट फोडा, आत काय निघंल ते नशीब, हा नाद अशा गेममधे तिथूनच पसरला. आपण लहानपणी पैलवानांच्या ट्रंप कार्डांसाठी जीव टाकायचो त्याचाच मोठा भाऊ. मला ते पाकीट प्रकरण पटत नाही, ज्याचा बाप पैसेवाला त्याचा कॅट भारी. इथं मधली रांग दोघांना एकच, हे बरंय.

पण मला ह्या गेमचं खरं वेड लागलं ते स्क्रॅपमुळं. मशीन कल्ट म्हणून लाल पत्त्यांचा एक पंथ आहे, त्यातलं एक रुपयाचं ट्रेड बॉट आपल्याच कॅटमधला एक पत्ता कायमचा काढून टाकतं. आणि काढायचं काय, तर स्काऊट! कारण आठ-आठ स्काऊट कॅटमधे राहिले तर पाच पत्त्यांच्या हातात मदरशिपसारखं भारी जहाज येणार कधी? कॅट जेवढा बारीक तेवढा जोरात. हिशोब एकदम बरोबर आहे. पण बघा ना, ज्या स्काऊटनं रुपया-रुपया करून पहिली खरेदी करून दिली, त्याच्याच पैशानं आणलेलं बॉट त्यालाच भंगारात घालतं. आमच्या घरात तर तुटलेल्या कूलरचा पत्रासुद्धा माळ्यावर जपून ठेवलेला असतो कधीतरी लागंल म्हणून, त्यामुळं माझं बोट त्या स्काऊटवर जरा अडकतंच.

माझा भाचा हिंजवडीला असतो, त्याचं बोट कुठंच अडकत नाही. "मामा, स्काऊट काढा, स्काऊट काढा" हेच चालू. सेलू ते हिंजवडी हा डाव आरामात चालतो, एक चाल आज, दुसरी उद्या जेवल्यावर.

हळूहळू नाना पण चष्मा लावून शेजारी बसायला लागले. जहाजाची नावं त्यांच्या ध्यानात राहत नाहीत, हिरवं, लाल, पिवळं एवढंच. पण मेंढीकोटात आयुष्य घातलेला माणूस, कोणाची दश्शी गेली, हुकुमाचे किती राहिले, सगळं पाठ असायचं. मागच्या आठवड्यात भाच्यानं पहिल्याच हातात पाचही स्काऊट टाकले आणि नाना लगेच म्हणले, "आता पुढच्या हातात दोन्ही फटके येणार बघ त्याला." आलेच! दहाच पत्ते, पाच गेले, राहिले पाच, साधी गोष्ट आहे, पण भाच्याला मी ते सांगितलं तर म्हणला नानांना आपल्या टीममधे घ्या.

तक्रार एकच, ह्या डावात भिडू नाही. उतारी चुकली म्हणून शिव्या कोणाला घालायच्या? मग त्या मलाच पडतात. काल हातात ट्रेड बॉट आलं, शेवटचा स्काऊट पण आला, मी स्क्रॅप दाबणार तेवढ्यात नानांनी मनगटच धरलं.

"राहू दे की एक. सुट्टे लागतेत."