संक्रांतीची रात्रपाळी

संक्रांतीच्या दिवशी माझी रात्रपाळी होती, आणि ती मी मागून घेतली होती.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. संक्रांतीला संध्याकाळी आमच्या गल्लीतली सगळी पोरं तिळगूळ घेऊन घरोघर फिरतात, आणि आमच्याकडच्या तिळाच्या लाडवात मूठभर तरी दाण्याचं कूट असतंच. पाकिटातल्या खाऊवर निदान लिहिलेलं असतं. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या, २०२० च्या नियमांनुसार शेंगदाणा, दूध, अंडं, सोयाबीन वगैरे आत असेल तर तसं छापावंच लागतं. शेजारच्या काकूंच्या लाडवावर कुठं काय लिहिलेलं असतं? घरी थांबले असते तर मी त्याला बाहेर सोडलं नसतं, किंवा सोडून दर पाच मिनिटांनी फाटकाशी जाऊन उभी राहिले असते. त्याचे बाबा शांत असतात. म्हणून मुलगा त्यांच्या ताब्यात आणि मी सांगलीतल्या आमच्या मुलांच्या दवाखान्यात, कॅज्युअल्टीत. ‘लाडू हातात घ्यायचा, गोड बोला म्हणायचं, खिशात टाकायचा, घरी आणायचा’ एवढं त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि निघाले.

साडेआठच्या सुमारास एक रिक्षा थेट दारात आली. वडिलांच्या खांद्यावर पाच वर्षांची मुलगी, काळं परकर-पोलकं घातलेली. मी तिला त्यांच्याकडून घेतलं तेव्हा आधी जाणवला तो आमसुलाचा आंबट वास. तिच्या हातापायांना, मानेला, पाठीला आमसुलाचं पाणी चोळलेलं होतं. पित्त उठलं की आपल्याकडे हेच करतात. पण अंगावरच्या गांधींबरोबर तिचे ओठही सुजले होते, आवाज घोगरा झाला होता, छातीत शिट्टी वाजत होती, आणि ती पेंगत होती. ते पेंगणं मला ओळखीचं होतं.

“काय खाल्लं?” मी विचारलं. “अर्धा लाडू,” आई म्हणाली. “फक्त अर्धाच.”

डॉक्टर मॅडम शेजारच्याच खोलीत होत्या. मी ट्रॉली ओढेपर्यंत त्या आल्या, तिच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “ॲड्रिनलीन.” वजन काट्यावर सोळा किलो भरलं. अँप्यूलमध्ये एका मिलीत एक मिलिग्रॅम औषध असतं आणि मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम द्यायचं, म्हणजे एक मिलीच्या सिरिंजमध्ये ०.१६ची रेघ. अँप्यूलचं डोकं मोडलं, औषध ओढलं, हवा काढली, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत दिलं. वडील तिला पुन्हा कडेवर घ्यायला पुढे आले, त्यांना थांबवलं. अशा वेळी रक्तदाब पडलेला असू शकतो, मूल आडवंच ठेवायचं, पाय जरा वर. ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. पाच मिनिटांनी मॅडमनी छाती ऐकली, घरघर होतीच, म्हणून दुसरा डोस दिला. त्यानंतर थोड्या वेळानं मुलीनं डोळे नीट उघडले आणि “आई, माझी टिकली कुठाय” असं विचारलं. त्या आवाजातला घोगरेपणा कमी झालेला ऐकला आणि माझ्या हाताला कंप सुटला. तोपर्यंत हात अगदी स्थिर होता.

असा प्रसंग काही तासांनी उलटू शकतो, म्हणून तिला रात्रभर ठेवून घेतलं.

आजी बाहेर बाकावर बसल्या होत्या. लाडू त्यांनीच केले होते आणि अर्धा त्यांनीच भरवला होता. “आवो सिस्टर, चिक्की न्हाई दिली मी तिला. कूट तर बारीक असतंय,” त्या मला सांगत होत्या, परत परत. त्यांच्या बोटांना अजून आमसुलाचा लालसर रंग होता. मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. ज्या हातांनी लाडू भरवला, त्याच हातांनी त्यांनी तिचं सगळं अंग चोळलं होतं.

रात्री दोनला वॉर्ड शांत झाला तेव्हा आई माझ्या टेबलाशी आली. खुर्चीत बसली आणि एकदम बोलायलाच लागली. मागच्या वर्षी चिक्की खाऊन लेकीचे ओठ सुजले होते. तेव्हापासून ती घरात सांगत होती की हिला दाणे चालत नाहीत. सगळे म्हणाले पित्त आहे, तू फार लाड करतेस, आमच्या घराण्यात असलं कुणाला नाही. “आज सासूबाईंनी लाडू हातात घेतला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला दिसत होतं. सणाचा दिवस, कशाला तोंड उघडायचं, म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसले, ताई.”

मग तिनं जे विचारलं ते मला प्रत्येक आई विचारते. गरोदरपणात मी डोहाळ्यांना दाण्याचे लाडू खाल्ले, त्यानं झालं का? मॅडमनी संध्याकाळीच तिला नाही म्हणून सांगितलं होतं. मीही नाहीच म्हटलं. मग ती म्हणाली, “मग मी लहानपणी उशिरा दिले म्हणून का?”

इथं मला क्षणभर उत्तर सुचलं नाही. कारण या प्रश्नावर मी स्वतः कितीतरी रात्री काढल्या आहेत. माझ्या मुलाला तान्हेपणी एक्झिमा, म्हणजे खाजरं कोरडं पुरळ, होता, म्हणून मी दाणे लांब ठेवले. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं धोक्यातल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असं सांगितलं होतं, २००८ मध्ये तो सल्ला मागं घेतला, आणि २०१५ मध्ये लंडनमधल्या ६४० बाळांवरच्या अभ्यासातून दिसलं की अशा बाळांना लवकर सुरू केलं तर ॲलर्जी बरीच टळते. मी ते वाचलं तेव्हा मुलगा मोठा झाला होता. म्हणजे खाल्लं तरी आईचं चुकलं, नाही दिलं तरी आईचंच. मी तिला म्हटलं, ज्या वेळी जे सांगितलं गेलं ते तुम्ही केलंत. एवढंच मी मनापासून म्हणू शकत होते, आणि ते तिला पुरलं नाही हे मला दिसत होतं.

मग मी तिला एक गोष्ट सांगितली. तोपर्यंत कुणालाच सांगितली नव्हती.

सात वर्षांपूर्वी, आषाढी एकादशीला, माझ्या मुलानं सासूबाईंच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी खाल्ली. दोन वर्षांचा होता. पाच मिनिटांत अंगावर गांधी, मग खोकला, मग उलटी. मी तेव्हा आठ वर्षं नर्सिंग केलेली बाई. दुसऱ्याचं मूल असतं तर एका नजरेत ओळखलं असतं. पण ते माझं होतं, आणि मी त्याला सेटिरिझिनचं सिरप पाजून मांडीवर घेऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. आता उतरेल, आता उतरेल. सिरपनं खाज कमी होते, श्वास सुटत नाही, हे मला पाठ होतं. दहा मिनिटं मी तशीच बसले. तो पेंगायला लागला तेव्हा उठले. दवाखान्यात विचारलं, कधी सुरू झालं? मी म्हटलं, “आत्ताच, लगेच घेऊन आलो.” तो वाचला. पण ते खोटं तेव्हापासून माझ्याजवळ आहे.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “तुम्ही सिस्टर असून?”

“हो. मी सिस्टर असून.”

ती रडायला लागली, पण आधीच्या रडण्यापेक्षा हे वेगळं होतं. मीही रडले. सलाईनचे थेंब मोजायची वेळ झाली म्हणून उठले.

पहाटे चारला तिला झोप नव्हतीच, तेव्हा डब्यातलं मोसंबं काढलं. ॲड्रिनलीनची टोचायची तयार पेनं आपल्याकडच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाहीत, त्यामुळे घरी अँप्यूल आणि सिरिंज ठेवावी लागते. मॅडम तिला ती लिहून देणारच होत्या. मी सलाईनचं पाणी भरून दाखवलं: इथपर्यंत ओढायचं, बोटानं टिचकी मारायची, सुई सरळ आत. मोसंब्याच्या सालीतून सुई जाताना जो बारीकसा अडथळा लागतो तो हाताला कळला पाहिजे. पहिल्यांदा तिची सुई वाकडी गेली. पाचव्या वेळी बरोबर गेली. मी घरी नवऱ्याकडून, सासूबाईंकडून, मुलाच्या वर्गशिक्षिकेकडूनही असंच करून घेतलं आहे. मला रात्री झोप लागते ती कुणी धीर दिल्यामुळे लागत नाही. चौघांना सुई टोचता येते म्हणून लागते.

मान वर केली तर दारात आजी उभ्या होत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, “मला बी दाखवा.” सून सरकून बसली. तिनं सासूच्या हातात सिरिंज दिली, बोलली मात्र काही नाही. आजींना रेघा दिसत नव्हत्या. मी म्हटलं, इथं लाल पेनानं खूण करून देते, तिथवरच ओढायचं.

सकाळी घरी पोचले तेव्हा मुलगा झोपला होता. ओट्यावर वाटीत तिळाचे लाडू होते, खिशातल्या उबेनं जरा चिकटलेले, एक फुटलेला, आतलं कूट दिसत होतं. मी ते मोजले. सात होते. नवरा चहा ठेवत होता. “आल्या आल्या खिसे रिकामे केले त्यानं,” तो म्हणाला, “आणि स्वतःहून हात धुतले.”

मी गाळणं हातात घेतलं, आणि चहा गाळता गाळता त्याला ती दहा मिनिटं सांगितली.