किनाबालू: चढण सगळे सांगतात, उतरण कुणी सांगत नाही

मलेशियाच्या सबा राज्यातल्या किनाबालू डोंगराबद्दल ज्याला विचाराल तो एकच सांगेल: दोर-खिळ्यांचं काम नाही, बहुतेक वाट पायऱ्यांची आहे, कुणीही चढतं. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. पण तेवढ्यावर तयारी केली तर दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस कठड्याला धरून, तिरका होऊन, आजीबाईच्या चालीने खाली येतो. आमच्या पुढे-मागे असे डझनभर तरी होते, आणि त्यात रविवारी धावणारे तगडे गडीही होते.

आधी उंच्या बघा. चढाई सुरू होते तिंपोहोन गेटपाशी, १८६६ मीटरवर. मुक्काम पनालाबानला, ३२७२ मीटरवर. शिखर, म्हणजे लोज पीक, ४०९५ मीटर. पहिल्या दिवशी ६ किलोमीटरमध्ये १४०० मीटर चढायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे आणखी २.७ किलोमीटरमध्ये सव्वाआठशे मीटर चढायचे, आणि त्याच दिवशी सगळेच्या सगळे २२२९ मीटर उतरायचे. कळसूबाईवरून बारीला जेवढं उतरतो त्याच्या दुपटीहून जास्त, तेही रात्री दोनला उठून निम्मा दिवस चालून झाल्यावर. हे गणित आधी मांडलं तर पुढचं सगळं नियोजन आपोआप बदलतं.

आता पैसे. जाहिरातीत दिसतो तो आकडा बहुतेक वेळा पनालाबानच्या बिछान्याचा आणि जेवणाचा असतो, आणि कित्येकदा तो मलेशियन नागरिकांचा दर असतो. परदेशी माणसाला त्यावर चढाईचा परवाना, विमा, गाईड, किनाबालू उद्यानाचं प्रवेशशुल्क, उद्यानाचं मुख्यालय ते तिंपोहोन ही चार-साडेचार किलोमीटरची गाडी, आणि हवं असेल तर प्रमाणपत्र, असं एकेक लागत जातं. परदेशी माणसाचा परवाना स्थानिकांपेक्षा कितीतरी महाग आहे. आम्हाला ज्या एजंटाने 'सगळं धरून' म्हणून आकडा दिला होता, त्याच्या 'सगळ्या'त परवाना आणि गाईड नव्हते. म्हणून एजंटाला फोनवर विचारू नका. वरची सहा नावं लिहून पाठवा आणि प्रत्येकासमोर 'आहे' किंवा 'नाही' लिहून मागा. जो टाळाटाळ करेल त्याला सोडून द्या. गाईड सक्तीचा आहे, एका गाईडमागे जास्तीत जास्त पाच जण. त्यामुळे दोघंच गेलात तर गाईडचा पूर्ण भार दोघांवर पडतो. चौघं-पाच जण जमवणं हीच खरी बचत.

दिवसाला किती जण चढणार हे पनालाबानच्या बिछान्यांवर ठरतं. बिछाना नाही तर परवाना नाही. काही महिने आधी बुकिंग करा, आणि शक्य असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल धरा, त्यातल्या त्यात कोरडे महिने तेच. पाऊस मात्र वर्षभर असतो आणि दुपारनंतरच जास्त येतो. पावसामुळे शिखर बंद झालं तर पैसे परत मिळत नाहीत. त्यावर वाद घालून उपयोग नाही.

कोता किनाबालू शहर समुद्रकाठी आहे. तिथून सकाळी निघून त्याच दिवशी ३२७२ मीटरवर झोपायला जाणं म्हणजे डोकेदुखी ओढवून घेणं. आदल्या रात्री उद्यानाच्या मुख्यालयापाशी किंवा जवळच्या कुंडासांग गावात राहा. मुख्यालयच दीड हजार मीटरच्या वर आहे, कळसूबाईच्या माथ्याहून थोडंसंच खाली. क्वालालंपूरमार्गे येत असाल तरी सबामध्ये उतरताना पुन्हा इमिग्रेशन होतं आणि वेगळा शिक्का बसतो. पासपोर्ट मुख्यालयात नोंदणीलाही लागतो, तो हॉटेलात ठेवून येऊ नका.

पहिल्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. साडेदहाच्या आत गेटमधून आत जावं लागतं. नऊला गेलात तर पावसाच्या आधी पोचता. दर अर्ध्या किलोमीटरला फलक आहेत, वाटेत सात निवारे आहेत, तिथे टाकीचं पाणी आणि शौचालय असतं. पाणी गाळलेलं नसतं, गोळ्या टाका किंवा फिल्टर न्या. चौथ्या किलोमीटरच्या आसपास लायांग-लायांग हा निवारा लागतो (२७०२ मीटर). तिथून पुढे माती पिवळट-तांबूस होते, झाडं खुजी आणि वेडीवाकडी होतात. पनालाबानला गरम पाण्याचा भरवसा धरू नका. जेवण भरपूर असतं, पण शाकाहारी माणसाची गाडी भात, नूडल्स आणि अंड्यांवर अडते. चिक्की, दशम्या, थेपले जवळ असू द्या. वर मिळणारी प्रत्येक गोष्ट माणसाच्या पाठीवरून येते, म्हणून पाण्याची बाटलीसुद्धा महाग. ती लूट नाही. पोर्टर किलोवर पैसे घेतो, आणि चढण्याचे वेगळे, उतरण्याचे वेगळे. सात-आठ किलोंची सॅक चढताना स्वतः न्या आणि उतरताना पोर्टरला द्या, लोक नेमकं उलटं करतात.

रात्री दोनला नाश्ता, अडीचला निघायचं. आधी लाकडी जिने, मग ग्रॅनाइटचा उघडा कातळ आणि त्यावर अंथरलेला पांढरा जाड दोर. जून २०१५ च्या भूकंपात इथे १८ जणांचा जीव गेला, त्यानंतर वरची वाट बदलून नव्याने आखली आहे. ३६६८ मीटरवर सायात-सायात नाका आहे. तिथे गळ्यातला परवान्याचा बिल्ला बघून नोंद होते, आणि साधारण पाचनंतर पुढे सोडत नाहीत. बिल्ला बिछान्यावर विसरलेल्याला परत पाठवलेलं पाहिलं आहे. हातमोजे बोटांना घट्ट बसणारे आणि तळहाताला पकड असलेले घ्या, लोकरीचे दोराने भिजतात. शिखरावर तापमान शून्याजवळ येतं आणि वारा असतो, त्यामुळे चारला वर पोचून दोन तास कुडकुडण्यात शहाणपण नाही. सूर्योदय सहाच्या सुमारास. त्याबद्दल एवढंच म्हणतो, त्या अर्ध्या तासात एजंट, परवाना, पैसे सगळं विसरायला होतं. डोंगर इथल्या कादाझान-दुसुन लोकांना पवित्र आहे. २०१५ मध्येच वर कपडे काढून फोटो काढणाऱ्या परदेशी पर्यटकांना कोर्टात उभं राहावं लागलं आणि तीन दिवसांची कैद झाली.

आणि आता ते सहा किलोमीटर.

शिखरावरून पनालाबानला यायला साडेसात-आठ वाजतात. नाश्ता होतो, अंग सैल पडतं, आणि खोली साडेदहाला सोडायची असते म्हणून लोक दहापर्यंत लोळतात. इथेच घात होतो. नऊच्या आधी निघा. दीड-दोनला पाऊस आला की खालच्या लाकडी पायऱ्यांवर साबण ओतल्यासारखं होतं, आणि नेमके त्याच वेळी पाय संपलेले असतात.

पहिले दोन किलोमीटर, लायांग-लायांगपर्यंत, दगडधोंड्यांचे. ५७० मीटर उतार, पण दगडाला पकड चांगली असते. त्रास खालच्या चार किलोमीटरमध्ये आहे. तिथली पायरी म्हणजे आडवं टाकलेलं लाकूड आणि त्यामागे भरलेली माती. माती पावसाने वाहून जाते, लाकूड तसंच राहतं. मग पायरी न राहता लाकडामागे खड्डा होतो आणि त्यात पाणी साचतं. एक पायरी घोट्याएवढी, पुढची नडगीच्या मध्यावर, त्यापुढची जवळजवळ गुडघ्याएवढी. लय सापडतच नाही. चढताना हे जाणवत नाही, कारण तेव्हा दम लागलेला असतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावत असतो, आणि हेच काम त्याला सगळ्यात महागात पडतं. दोनेक हजार पायऱ्यांनंतर तो ऐकेनासा होतो, पाय थरथरतो, मग धक्का सरळ गुडघ्यात जातो.

उपाय आहेत, पण ते घरून करून यावे लागतात. सहा-आठ आठवडे आधीपासून बिल्डिंगमध्ये लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या. हो, उलटं. चढण्याचा दम आपल्या सह्याद्रीतल्या मंडळींकडे असतो, उतरणीचे पाय नसतात. एकदम पाच-सहाशे मीटर उतार न थांबता होईल इथपर्यंत वाढवत न्या, आणि शेवटचा आठवडा पूर्ण विश्रांती. काठ्या दोन हव्यात, एक नव्हे. उतरताना चढणीपेक्षा वीतभर लांब करा आणि खालच्या पायरीवर आधी दोन्ही काठ्या टेकवून मग पाय टाका. लाकडावर पाय ठेवूच नका, त्यामागच्या मातीवर किंवा दगडावर ठेवा. उंच पायरी सरळ न उतरता आडवं होऊन उतरा, दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी बाजू बदला. निघण्याच्या दोन दिवस आधी नखं कापा. नाडी घोट्यापाशी एक वेढा जास्त घेऊन आवळा, नाहीतर बोटं बुटाच्या टोकाला आपटत राहतात आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. निवाऱ्यात पाच मिनिटांहून जास्त बसू नका, स्नायू आखडले की उठणं कठीण. गुडघ्याचा पट्टा सुरुवातीपासूनच बांधा. दुखायला लागल्यावर बांधून उपयोग नाही.

शेवटची थट्टा कार्सन धबधब्यापाशी आहे. सकाळी गेटमधून निघताना वाट आधी थोडी खाली उतरते, तेव्हा ते कुणाच्या लक्षात राहत नाही. परतताना धबधबा दिसला की 'आलोच' म्हणतात, आणि समोर गेटपर्यंत चढाच्या पायऱ्या उभ्या असतात. फार नाहीत, पण त्या क्षणी शिव्या देण्याइतक्या आहेत.

प्राण्यांसाठी जाणार असाल तर एक गैरसमज आधी काढून टाका. चढाईच्या वाटेवर ओरांगउटान दिसत नाही. ओरांगउटान आणि लांबनाक्या माकडांसाठी सबाच्या पूर्वेला सेपिलोक आणि किनाबातांगान नदीवर जा. किनाबालूवर नजर बारीक करावी लागते. लायांग-लायांगच्या वर वाटेच्या कडेला घटपर्णीची (कुंभासारख्या पानात किडे पकडणाऱ्या झाडाची) नेपेंथिस व्हिलोसा ही जात दिसते, लालसर, दातेरी काठाची. जमिनीलगत बघा, आणि बोट घालू नका. इथलीच नेपेंथिस लोवी ही जात किड्यांवर फारशी अवलंबून नाही. टुपाया नावाचा खारीसारखा प्राणी तिच्या झाकणावरचा गोड रस चाटायला कुंभावर बसतो, आणि बसल्या बसल्या आतच विष्ठा करतो. झाडाला नायट्रोजन मिळतो तो त्यातून. पाऊस पडून गेल्यावर वाटेवर वीतभराहून लांब, लालभडक जळू दिसली तर किंचाळू नका. ही रक्त पीत नाही, इथल्या राक्षसी गांडुळांना शेवयांसारखी गिळते. निवाऱ्यांजवळच्या खारी मात्र सॅकची चेन उघडी दिसली की आत शिरतात.

पक्ष्यांसाठी चढाई लागतच नाही. खरं तर चढणाऱ्यांना पक्षी सगळ्यात कमी दिसतात. मुख्यालयात एक दिवस जास्त ठेवा आणि सकाळी सहाला तिंपोहोनकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याने चालत सुटा, गाड्या सुरू व्हायच्या आत. नंतर सिलाऊ-सिलाऊ ही ओढ्याकाठची सपाट पायवाट. आपल्या कर्णा पक्ष्याचा इथला भाऊबंद, व्हाइटहेडचा ट्रोगन, अशाच ओलसर सावलीत निमूट बसून असतो. हलत नाही, म्हणून लोक त्याच्या खालून निघून जातात. टकाचोराची इथली जात मात्र आवाजावरून सहज सापडते. आणि एक गंमत: ज्याच्या नावाने शिखर आहे तो ह्यू लो १८५१ मध्ये डोंगरावर आला, पण या टोकावर चढला नाही. ते चढला १८८८ मध्ये जॉन व्हाइटहेड, पक्षी गोळा करायला आलेला. त्याचं नाव पक्ष्यांना मिळालं.

पोरिंगचे गरम पाण्याचे हौद मुख्यालयापासून चाळीसेक किलोमीटरवर आहेत. शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते, आम्ही टाळा म्हणू. त्या रस्त्यावर 'आज रॅफ्लेशिया फुललं आहे' असे बोर्ड लागतात (रॅफ्लेशिया म्हणजे अवाढव्य, क्वचितच फुलणारं रानफूल). खाजगी बागा आहेत, माणशी पैसे घेतात, आणि ते ठीकच आहे. फूल राखल्याचा मोबदला त्यांना मिळायला हवा. फक्त पैसे देण्याआधी विचारा, कितवा दिवस? फूल आठवडाभरच टिकतं. पहिल्या तीन दिवसांत तांबडं, टवटवीत असतं. पाचव्यानंतर काळवंडलेला लगदा बघायला तेवढेच पैसे जातात.

परतीचं शेवटचं. तिंपोहोनला पोचायला दुपारचे दोन ते चार वाजतात, आणि तोवर कोता किनाबालूला जाणाऱ्या शेअर व्हॅन विरळ झालेल्या असतात. त्या भरल्याशिवाय सुटत नाहीत. गेटबाहेर उभे असलेले टॅक्सीवाले तुमची चाल बघून भाव सांगतात. ती रात्र कुंडासांगलाच काढा, सकाळी व्हॅन भरपूर मिळतात, अंतर दोन तासांचं आहे. विमान तिसऱ्या दिवशी संध्याकाळचं किंवा त्यानंतरचं घ्या. खोली बुक करताना तळमजल्यावरचीच मागा, आणि कमोड आहे का ते विचारून घ्या.